अंगावर काढू नका!

मैत्रिणींनो, गेले काही आठवडे आपण लोणच्याला येणारी बुरशी, मुलांचे डबे आणि परीक्षेच्या दिवसांतली घरातली चिडचिड असल्या विषयांवर बोलत होतो. आज मात्र तुम्हांला स्वयंपाकघराबाहेर, चांगल्या बारा हजार फुटांच्या आसपास घेऊन जाणार आहे. घाबरू नका, शेवटी आपण घरीच परत येणार आहोत!

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही आठजणी सिंगालिलाच्या धारेवर चालायला गेलो. दार्जिलिंगच्या पश्चिमेला, भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवरून डोंगराची ही लांबलचक धार उत्तरेकडे जाते. वाट इतकी सीमेला धरून, की सकाळचा चहा भारतात आणि दुपारचा नेपाळात, असं सहज होतं. मानेभंज्यांग गावातून चढायला लागायचं आणि टुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी असं करत संदकफूला पोचायचं. संदकफू हे पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण, ३,६३६ मीटर. तिथून फालुटपर्यंतचे २१ किलोमीटर धारेवरूनच चालायचे. आणि हवा स्वच्छ असली तर समोर कांचनजंगा, लांबवर ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू! शाळेत मी अर्धवेळ भूगोल शिकवते. दहा वर्षं मुलांना नकाशावर छडी टेकवून कांचनजंगा दाखवली, पण स्वतः कधी पाहिली नव्हती.

घरातून निघणं हाच पहिला चढ असतो, हे तुम्हांला सांगायला नकोच. ह्यांनी सुट्टी काढली. सासूबाई म्हणाल्या, "जा गं, आठ दिवस आमटी मी करीन." तयारी म्हणून दोन महिने दर रविवारी आम्ही पाठीवर ओझं घेऊन सिंहगड चढलो. बूट नवे होते ते घालून घालून मऊ केले. हे मात्र कराच. नव्या बुटांनी आलेले फोड सगळी सहल नासवतात.

आमच्यात शेजारच्या इमारतीतल्या एक वहिनी होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. चालायला खमक्या आणि सगळ्यांची काळजी वाहणाऱ्या. मानेभंज्यांगला त्यांची सॅक उचलून पाहिली तर बारा किलोंच्या वर! आठजणींना पुरेल इतका चिवडा, खजुराच्या वड्या, लिंबाचं लोणचं, वर एक खलबत्ता. ताईंनी, म्हणजे आमच्या म्होरकीनं, तो तिथंच काढून ठेवायला लावला. "वहिनी, इथे वाटणघाटण नाही करायचं!" आम्ही हसून हसून दमलो.

पहिल्या दिवशी टुमलिंग. दुसऱ्या दिवशी गैरीबासला उतरून पुन्हा चढून कालीपोखरी. तिथे एक काळंभोर पाण्याचं तळं आहे आणि त्याच्याभोवती फडफडणाऱ्या पताका. उंची साधारण ३,२०० मीटर. थंडी अशी, की बाटलीतलं पाणी दाताला लागे. लॉजमधल्या दीदींनी गरम थुक्पा वाढला. वहिनींनी दोन घोट घेतले आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

रात्री त्या माझ्याच शेजारी होत्या. मध्यरात्री उठून बाहेर गेल्या, ओकल्याचा आवाज आला. परत आल्यावर मी विचारलं. म्हणाल्या, "काही नाही गं, जरा डोकं ठणकतंय. दुपारपासून आहे. सकाळी होईल ठीक. ताईंना सांगू नकोस हं, उगाच सगळ्यांचा बेत मोडेल."

आणि मी बरं म्हणाले.

मैत्रिणींनो, खरं सांगते, ते मी नुसतं त्यांच्यासाठी म्हटलं नव्हतं. उंचीवर डोकं दुखणं, मळमळणं, जेवण न जाणं म्हणजे काय, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी आम्हांला समजावलं होतं. वर हवा विरळ, श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. तो दिला नाही तर ते कुरकुरतं. ती कुरकुर ऐकायची, आणखी चढायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं. नाहीतर फुप्फुसात नाहीतर मेंदूत पाणी साठून जिवावर बेतू शकतं. हे सगळं मला पाठ होतं. पण कुणी खाली उतरायचं झालं तर सोबत कोण जाणार? त्यांच्या ओळखीची, त्यांना घेऊन आलेली, मीच. आणि संदकफू तर उरलं होतं फक्त सहा किलोमीटर!

मी तशीच पडून राहिले. झोप येईना. मग आई आठवली. माझ्या लहानपणी घरात धाकट्या भावाचं बारसं होतं आणि आत्याचं पोट दुखत होतं. पाहुण्यांत गडबड नको म्हणून तिनं दोन दिवस ते अंगावर काढलं. तिसऱ्या रात्री अपेंडिक्स फुटलं. वाचली, पण महिनाभर इस्पितळात होती. आई नंतर कितीदा म्हणायची, "मला कळलं होतं गं, तिचा चेहराच सांगत होता. पण पोळ्या व्हायच्या होत्या."

पोळ्या व्हायच्या होत्या! माझं संदकफू तरी दुसरं काय होतं?

पहाटे पाचला मी ताईंना उठवलं. त्यांनी वहिनींना चार प्रश्न विचारले, रेषेवरून चालतात तसं सरळ चालायला सांगितलं. चालल्या, पण डोकं रात्रीपेक्षा जास्त दुखत होतं आणि पाणीही पोटात ठरत नव्हतं. ताई एवढंच म्हणाल्या, "उतरायचं. आत्ता." या वाटेवर जीपचा रस्ता आहे हे आमचं नशीब. एक वाटाड्या, वहिनी आणि मी जीपनं गैरीबासला निघालो. बाकीच्या सहाजणी दुसऱ्या वाटाड्याबरोबर वर गेल्या. वहिनी माझ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. मीही खिडकीतून बाहेर पाहत होते. डोळ्यांत पाणी होतं, ते काही वहिनींसाठी नव्हतं.

गैरीबास कालीपोखरीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक खाली. दुपारपर्यंत त्यांची ओकारी थांबली, संध्याकाळी त्यांनी स्वतःहून भात मागितला. रात्री म्हणाल्या, "रागावले होते मी. घरीसुद्धा मला कुणी विचारत नाही गं, कारण मी सांगतच नाही. सवयच गेली." मग दोघी थोडं रडलो, थोडं हसलो.

दुसऱ्या दिवशी त्या अगदी ठणठणीत होत्या. परतीची वाट टुमलिंगवरूनच जाते. आधी राहिलो होतो तिथंच मुक्काम केला. पहाटे दीदींनी दार वाजवलं. बाहेर आलो तर समोर अख्खी कांचनजंगा! आधी टोक गुलाबी झालं, मग सोनेरी, मग सगळी रांग उजळली. निजलेल्या बुद्धासारखी दिसते म्हणतात, ते अगदी खरं. वहिनींनी माझा हात धरला होता. फालुट राहिलं ते राहिलं. पुन्हा जाऊ.

तुमच्यापैकी कुणी अशा वाटेला निघणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा. सॅक सात-आठ किलोंच्या वर नको. जड वस्तू पाठीलगत, कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, तहान नसली तरी. चिवडा, खजूर, शेंगदाण्याचे लाडू हाताशी ठेवा, पण आठजणींचं एकटीनं वाहू नका. पॅडसकट सगळा कचरा खाली परत आणा. उंचीवरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि निघण्यापूर्वी गटात एक शपथ घ्या: दुखलं तर सांगायचं, आणि सांगणारीला कुणी नावं ठेवायची नाहीत.

ही शपथ डोंगरावरच हवी असं थोडंच आहे? आज संध्याकाळी घरातल्या बाईला, म्हणजे आईला, सासूला, जावेला नाहीतर आरशातल्या स्वतःला, एकदा नीट विचारा: "काय दुखतंय?" "काही नाही" हे उत्तर मात्र पहिल्या फटक्यात खरं मानू नका!