रात्रीचा दिवस करणारे कॅमेरे

वसई-विरारमधल्या हौशी फोटोग्राफरांच्या गप्पा अलीकडे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: तुझा कॅमेरा अंधारात कसा चालतो? कुणी पाचूबंदरावर दिवेलागणीनंतर टिपलेली होडी दाखवतो, कुणी जीवदानीच्या डोंगरावरून दिसणारे विरारचे दिवे. लगेच दुसरा दोन बोटांनी फोटो मोठा करून कोपऱ्यातल्या सावलीत दाणे शोधू लागतो. आयएसओ ६४०० ला इतका नॉइज? मग फुल फ्रेम घे! होडी कुणाची, ती कोणत्या भरतीला निघणार होती, तिच्यात जाळं आवरत बसलेला माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. दाणा मात्र सापडतो.

हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो या हौसेच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीला. फोटोतला दाणा बहुतांशी कॅमेऱ्याचा दोष नसतोच, तो प्रकाशाच्या तुटवड्याचा हिशेब असतो. प्रकाश कणाकणाने येतो. सेन्सरच्या एका ठिपक्यावर १०० कण पडले तर त्यात साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर १०० चा, म्हणजे एकच टक्का. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कुठलीही कंपनी सूट देऊ शकत नाही. आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही, आलेला तेवढा मोठा करून दाखवला जातो. आता पैशांचा हिशेब पाहा. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, एपीएस-सीचं साधारण ३७०. म्हणजे हप्त्यावर लाखभर रुपये मोजून सव्वादोन पटींच्या आसपास प्रकाश मिळतो. याउलट कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स ५० वर नेली की एफ ५.६ वर अडकते. तिच्या जागी ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स लावली तर प्रकाश जवळपास दहा पट. पण लेन्स बदलल्याची फुशारकी मारता येत नाही, बॉडी बदलल्याची येते.

या मंडळींनी इब्न अल-हैसम हे नाव ऐकलेलं असावं, अशी माझी अपेक्षा नाही. खंत ही की आमच्याकडच्या मुलांनीही ते ऐकलेलं नसतं. इ.स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या या माणसाने कैरोत बसून 'किताब अल-मनाज़िर' लिहिली. २०१५ साली युनेस्कोने प्रकाशवर्ष साजरं केलं, तेव्हा याच ग्रंथाच्या सहस्रकाची आठवण काढली होती. त्याने अंधाऱ्या जागेला एक छिद्र ठेवून बाहेर वेगवेगळ्या ठिकाणी दिवे मांडले. आत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जाई, बाकीचे जागच्या जागी. छिद्रातून जाताना प्रकाश एकमेकांत मिसळत नाही, हे त्याने असं दाखवलं. त्यासाठी त्याला अंधार लागला. अंधार हा त्याच्या प्रयोगातला अडथळा नव्हता, ती त्याची प्रयोगशाळा होती. आमचे मित्र मात्र अंधाराला शत्रू समजून बसलेत.

आता फोनने तर कहर केला आहे. २०१८-१९ पासून महागड्या फोनांत नाइट मोड आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. फोन काही सेकंदांत अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो आणि रात्रीचा दिवस करून देतो. आमच्या इमारतीमागच्या गल्लीतले दोन दिवे बंद होते. क्लासवरून येणाऱ्या मुली तिथून जीव मुठीत धरून येत. एकाने उत्साहाने फोटो काढून तक्रार पाठवली. उत्तर आलं, फोटोत तर उजेड दिसतोय! आणि खरंच दिसत होता. डांबराचा खड्डान्‌खड्डा स्पष्ट, वर आकाश निळं. साहेबांना दोष द्यावा की फोनला? दुसऱ्यांदा नाइट मोड बंद करून, एक्स्पोजर खाली ओढून फोटो काढला, तेव्हा कुठे डोळ्यांना दिसणारा काळोख त्यात उतरला. 'अंधारात उत्तम' म्हणजे अंधार पुसण्यात उत्तम, ही व्याख्या कंपन्यांनी केली आणि आपण ती मान खाली घालून स्वीकारली. जुलै २०१८ च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसईत वीज गेली. तेव्हा जिन्यातून, गच्चीतून लोकांनी काढलेले फोटो काळपट आणि दाणेदार होते. ते पाहून कुणी नॉइज मोजला नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. पूर्वी रात्री फोटो काढायचा तर फ्लॅश लागे. फ्लॅश काही साधू नव्हता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जेकब रीसने न्यूयॉर्कच्या गरीब खोल्यांत दारूसारखी पूड पेटवून झोपलेल्या माणसांना दचकवलं होतं. पण दचकलेल्या माणसाला निदान कळत तरी होतं की आपला फोटो निघाला. तो रागावू शकत होता, तोंड फिरवू शकत होता. आता टपरीच्या एका बल्बवर, वीस फुटांवरून, आवाज न करता काम होतं. रमज़ान आला की नालासोपाऱ्यापासून वसई गावापर्यंत आमच्या मोहल्ल्यांत हे पाहुणे येतात. कबाबच्या धुरातला टोपीवाला म्हातारा, ट्यूबलाइटखालची बुरख्यातली आकृती, तरावीहहून परतणारी पोरं. फोटो सुंदर असतात, हे मी नाकारत नाही. पण त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. ईद झाली की पाहुणे गायब. वालीवच्या गाळ्यांत उरलेले अकरा महिने रात्रपाळी चालते, तिच्या अंधारात कुणाला 'मूड' सापडत नाही.

आपल्या लोकांनाही दोन शब्द. तसवीर हराम, असं म्हणून ज्यांनी पोरांच्या हातून कॅमेरा काढून घेतला, त्यांनी काय मिळवलं? फोटो थांबले नाहीत, फक्त आपले फोटो दुसरे काढू लागले. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की फोटो म्हणजे निर्मिती नव्हे, ते सावली अडवून ठेवणं आहे. मराठीने तर छायाचित्र हा शब्दच घडवला. शंभर वर्षांपूर्वी निकाली निघालेला वाद आपण आजही उगाळतो, आणि तोही सेल्फी काढत काढत. पोरींच्या हाती कॅमेरा द्या. घरातली सहरी, शिलाई मशीनवरची आई, कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे त्या ठरवतील.

यावर हौशी मित्रांचं ठरलेलं उत्तर असतं: विचारत बसलो तर क्षण निघून जातो. जाऊ द्या की. पहाटेच्या पहिल्या लोकलला भाजीच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या वसईच्या बाया उद्याही तिथेच असणार आहेत, परवाही. कॅमेरा पिशवीत ठेवून आधी एकदा त्यांच्याबरोबर दादरपर्यंत जा.