गोधडीचे मोल

वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. किंमत बाजारात ठरते. मोल मात्र त्या वस्तूसाठी वेचलेल्या कष्टांवर, तिच्यात उतरलेल्या कौशल्यावर आणि ती भागवीत असलेल्या गरजेवर अवलंबून असते. जिची किंमत अल्प पण मोल मोठे, अशी एखादी तरी वस्तू प्रत्येक घरात असते. नित्याच्या सहवासामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, इतकेच. जुन्या कपड्यांची, हाताने शिवलेली गोधडी ही अशीच एक वस्तू होय.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा आज यंत्रांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. पवनेकाठची पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि जवळचे भोसरी ही गावे एके काळी शेतीवर जगत होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे स्कूटरी, मालमोटारी व त्यांचे सुटे भाग तयार करणारे लहानमोठे कारखाने या परिसरात उभे राहिले. १९७० साली येथे नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकणही गेल्या काही दशकांत मोटारींचे गाव बनले.

या कारखान्यांत कामासाठी मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण अशा सर्व भागांतून माणसे आली. पुढे परप्रांतांतूनही आली. येताना बहुतेकांजवळ फारसे काही नसे. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, एवढाच संसार! त्या वळकटीत बहुधा आईने किंवा आजीने शिवलेली गोधडी असे. परक्या गावी, भाड्याच्या खोलीत, पहिल्या रात्री फरशीचा गारवा अंगाला लागू दिला नाही तो तिनेच. या नगरीच्या उभारणीत लोखंडाचा, विजेचा आणि भांडवलाचा वाटा किती, हे सारे सांगतात. गोधडीचा वाटा कोणी सांगत नाही.

गोधडी दिसायला साधी असते, परंतु तिची रचना विचारपूर्वक केलेली असते. वरच्या व खालच्या थरासाठी त्यातल्या त्यात धडके लुगडे निवडावे लागते. मधल्या थरांत विरलेली धोतरे, जुने सदरे, लहान मुलांची आखूड झालेली अंगडी यांचे तुकडे घालतात. जाड तुकड्यावर जाड तुकडा आला तर गोधडीला गाठी येतात आणि विरळ जागी विरळ तुकडा आला तर तेथून थंडी शिरते. म्हणून प्रत्येक तुकड्याची जागा हाताने चाचपून ठरवावी लागते. सारे थर जमिनीवर सारखे पसरून कोपऱ्यांवर वजने ठेवतात, आणि मग कडेपासून आत आत येत धावदोऱ्याच्या ओळी घालतात. ओळ वाकडी गेली तर कापड ओढले जाते. दोरा फार ताणला तर चुण्या पडतात. सैल राहिला तर थर सरकतात. हे सारे सांभाळण्यासाठी हाताजवळ मोजपट्टी नसते. बोटाच्या रुंदीने ओळींतले अंतर मोजले जाते, आणि डोळा हाच ओळंबा असतो.

गोधडीच्या उबेचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. ऊब कापड निर्माण करीत नाही. ती माणसाच्या शरीराचीच असते. थराथरांमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हजारो टाके हे थर जागच्या जागी धरून ठेवतात. पुष्कळदा धुतलेले सुती कापड मऊ झालेले असते व घामही टिपून घेते. म्हणूनच नव्या कोऱ्या कापडापेक्षा तान्ह्या मुलासाठी जुन्या लुगड्याचे दुपटे पसंत करतात. ज्या स्त्रियांनी हे प्रथम ओळखले त्यांनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचले नव्हते. पण अनुभवाच्या शाळेत त्या तोच धडा शिकल्या होत्या.

असे असूनही या कामाला समाजाने नाव कोणते दिले? ‘फावल्या वेळचा उद्योग’! हे नाव कितपत खरे आहे, ते साध्या गणिताने पडताळून पाहता येईल. गोधडी सहा फूट लांब व चार फूट रुंद आहे असे धरावे. दोन ओळींत दोन सेंटिमीटरांचे अंतर ठेवले, तर सुमारे ६० ओळी होतात आणि त्यांची एकूण लांबी ११० मीटर भरते. दर सेंटिमीटरास एक टाका या हिशेबाने ११ हजार टाके झाले. मिनिटाला दहा टाके घातले तरी शिवण्यालाच अठरा तासांहून अधिक वेळ लागेल. जुने कपडे धुणे, उसवणे, कापणे, जुळवणे यांचा वेळ निराळाच. कारखान्यातील पाळी आठ तासांची असते. म्हणजे एका गोधडीत सव्वादोन पाळ्यांपेक्षाही जास्त काम आहे. स्वयंपाक, धुणे, पाणी आणि मुले सांभाळून उरलेल्या तुकड्या-तुकड्यांच्या वेळात ते उरकले जाते, म्हणून ते काम नव्हे, असे म्हणणे न्यायाचे होईल काय?

कारखान्यात जो कामगार मोजमापात केसभर चूक होऊ देत नाही, त्याला कुशल कामगार म्हणतात. त्याला हुद्दा असतो, वेतन असते, सुटी असते. हे सर्व योग्यच आहे. मोटारीच्या बैठकीचे आवरण शिवणे हेसुद्धा कारखान्यात वेतनाचे काम मानले जाते. मग सुई तीच, दोरा तोच, कापडही तसेच. केवळ शिवणारा हात घराच्या उंबरठ्याच्या आत आहे, एवढ्याने कौशल्याचा ‘विरंगुळा’ कसा होतो? यंत्रांच्या या नगरीने ज्या काटेकोरपणाची प्रतिष्ठा वाढवली, त्याच काटेकोरपणाला घरात मात्र प्रतिष्ठा मिळू नये, ही विसंगती आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आज कारखान्यात तयार झालेली पांघरुणे बाजारात स्वस्त मिळतात. मग गोधडीसाठी डोळे व बोटे कोणी का शिणवावीत? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. गोधडी ही पुष्कळ घरांत हौसेने नव्हे, तर गरजेपोटी जन्माला आली. विकत पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती म्हणून स्त्रियांनी चिमणीच्या उजेडात टाके घातले. त्या हालांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ज्या घरातील स्त्री दिवसभर कारखान्यात किंवा कचेरीत राबते, तिने घरी येऊन गोधडीही शिवावी, अशी अपेक्षा करणे हा तर निव्वळ अन्याय होईल.

दुसरा आक्षेप असा की, आता गोधडीजोगे कापडच राहिले नाही. यातही तथ्य आहे. नऊवारी सुती लुगडे नित्याच्या वापरातून जवळजवळ गेले. त्याच्या जागी आलेली कृत्रिम धाग्यांची वस्त्रे घाम टिपत नाहीत व सुईखाली निसटतात. अनेक घरांतील जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या बदली एखादे भांडे येते. काहींच्या चिंध्या यंत्रे पुसण्याच्या कामी येतात. हे सर्व उपयोग चांगलेच. परंतु आज जे पुष्कळसे कपडे टाकले जातात ते फाटले म्हणून नव्हे, तर बटण तुटले, शिवण उसवली किंवा मन विटले म्हणून. एका सुती सदऱ्यापुरता कापूस पिकवून तो सदरा तयार होईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज सांगितला जातो. ज्या महाराष्ट्रात कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे सुईच्या चार टाक्यांनी वाचणारा सदरा फेकून देणे ही श्रीमंती नसून अविचार आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात बाळगतो: ठिगळ म्हणजे दारिद्र्याची खूण! पाहुणे यायचे म्हणून गोधडी फळीवर लपवणारी घरे थोडी नाहीत. त्यांनी एका माणसाचे स्मरण करावे. ठिगळांचे वस्त्र अंगावर आणि खराटा हातात घेऊन गाडगे महाराज गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळांत हजारो यात्रेकरूंना निवारा मिळाला. अंगावरच्या चिंध्यांनी त्यांची योग्यता तसूभरही कमी झाली नाही.

जगात इतरत्रही हाच अनुभव आहे. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी जुन्या वस्त्रांच्या थरांतूनच निर्माण झाली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाची लहान लहान ‘फुले’ लावतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशजांची ही वस्ती. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, आणि २००६ साली अमेरिकेच्या डाकखात्याने त्यांवर तिकिटे काढली. पण भिंतीवर टांगली गेली म्हणून ती गोधडी थोर झाली, असे नव्हे. ती पूर्वीही तितकीच थोर होती. पाहणाऱ्यांचे डोळे उशिरा उघडले, एवढेच.

तेव्हा प्रश्न प्रत्येक घरी गोधडी शिवली जावी की नाही हा नाही. प्रश्न असा आहे की, हाताच्या या ज्ञानाला ज्ञान म्हणून मान मिळणार की नाही, आणि ते पुढच्या पिढीस मिळणार की नाही. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना शिवणकामासारखे उद्योग शिकवले, ते त्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला, तो हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये म्हणून.

ही फारकत होत नाही, याचा पुरावा विणकामात मिळतो. दहा सेंटिमीटरांत २० टाके बसत असतील, तर ८० सेंटिमीटरांच्या घेरासाठी १६० टाके घालावे लागतात, हे त्रैराशिक विणणारी व्यक्ती मनातल्या मनात सोडवते. बाहीसाठी दोन्ही बाजूंचे टाके सारखे कमी करताना तिला भूमितीतील सममिती सांभाळावी लागते. चूक झाली तर ती चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधून, तेथपर्यंतचे सारे विणकाम उसवून पुन्हा आरंभ करावा लागतो. आपली चूक आपणच शोधावी, रागावू नये आणि पुन्हा आरंभ करावा, याहून मोठा धडा कोणती शाळा देणार? मोठ्या भावाला लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, धाकट्यासाठी तीच पुन्हा विणली जाते, तेव्हा काटकसर हा शब्द पाठ करण्याची मुलांना गरज राहत नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. सुई ही केवळ मुलींची असा कायदा कोठेही नाही. शिंपी पुरुष असतात. सैनिक आपल्या गणवेशाचे बटण स्वतःच लावतो. घरापासून दूर, चार मित्रांसह खोली घेऊन राहणाऱ्या तरुण कामगाराला आपली उसवलेली शिवण घालता येत नसेल, तर त्याच्या शिक्षणात काही उणे राहिले असे समजावे. शाळेत शिवणाचा तास असेल तर तो सर्वांना असावा. ओझे एकीच्या माथ्यावरून उतरून चौघांत वाटले गेले, म्हणजे त्याचे ओझेपण जाते आणि कौशल्य तेवढे उरते.

आणि जी स्त्री आजही गोधड्या शिवून विकते, तिच्याशी घासाघीस करण्यापूर्वी ग्राहकाने क्षणभर थांबावे. ‘जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?’ असे म्हणणे सोपे आहे. पण ते पैसे चिंध्यांचे नसतात; ते ११ हजार टाक्यांचे असतात. कारखान्याच्या दाराशी योग्य वेतनाचा आग्रह धरणाऱ्या कामगाराने तरी तिचे वेतन कापू नये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण लहानपणापासून सर्वांना पाठ असते. ऐपतीचा विचार करून खर्च करावा, असा तिचा अर्थ शिकवला जातो व तो खराच आहे. पण ते अंथरूण कोणी शिवले, किती रात्री जागून शिवले, हे म्हण सांगत नाही. पाय पसरण्यापूर्वी तेवढे मनात आणले, तर गोधडीचे खरे मोल दिल्यासारखे होईल.