जकातीच्या हिशेबात न येणारे भाडे

रमजानचा पहिला आठवडा सरला की मुस्लिम व्यापाऱ्याच्या दुकानात एक वेगळी वही निघते, जकातीची. ही जकात म्हणजे पूर्वी शहराच्या नाक्यावर भरावी लागे ती नव्हे. वर्षभर जवळ राहिलेल्या संपत्तीतून गरिबांसाठी काढायचा हा अडीच टक्के हिस्सा. गल्ल्यातली रोकड, बँकेतली शिल्लक, गोदामातला माल, घरातले सोने, लोकांकडून येणे, लोकांचे देणे, सारे मांडले जाते. बहुतेक जण हा हिशेब देवाला भिऊन, प्रामाणिकपणे करतात. एक रकाना मात्र त्यात सहसा नसतो. ज्या गाळ्यात बसून हिशेब चालला आहे, त्या गाळ्याचे भाडे किती, आणि ते आजोबांच्या काळाएवढेच कोणत्या हक्काने राहिले?

मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रण आले ते 1918 साली, पहिल्या महायुद्धाच्या घरटंचाईत. उपाय तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धात 1939 आणि 1944 साली पुन्हा कायदे झाले आणि इंग्रज गेल्यावर 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने तीच चौकट पुढे चालवली. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते, तेच साधारणपणे प्रमाण भाडे ठरले. मुदत संपली तरी भाडेकरूला सहजी काढता येईना, आणि तो वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाऊ लागला. गिरणी कामगाराच्या डोक्यावर छप्पर टिकले ते याच कायद्यामुळे, हे विसरून चालणार नाही. पण घरे जीर्ण झाली, रुपयाची किंमत घसरली, भाडे मात्र हलले नाही. ही गोठलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही 1997 साली म्हटले. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची सोय झाली. मूळ भाडेच चाळीस रुपये असेल तर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे!

इस्लामी कायद्यात भाडेकराराला इजारा म्हणतात. त्याला ठरलेली मुदत, ठरलेला मोबदला आणि दोघांची राजीखुशी लागते. हनफी पंथाच्या मते दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला की करार संपतो. कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे, त्यांच्या मते उरलेली मुदत वारसांना मिळते. मतभेद आहे तो एवढाच. मुदत संपल्यावर मालकाची मर्जी नसताना बसून राहण्याचा हक्क दोघेही देत नाहीत. दुसऱ्याची वीतभर जमीन जो हडपेल त्याच्या गळ्यात ती कयामतच्या दिवशी सात थरांसह अडकवली जाईल, अशा अर्थाचे पैगंबरांचे वचन मशिदींतून नेहमी सांगितले जाते. ऐकणारा त्या वेळी शेताच्या बांधाचा विचार करतो, गाळ्याचा नाही. मालक हिंदू, पारशी की मुसलमान, याने काही फरक पडत नाही.

हा वाद कोर्टात उभा राहत नाही. 1937 च्या शरियत कायद्यात निकाह, तलाक, मेहेर, वारसा, बक्षीस, वक्फ हे विषय आहेत, भाडेकरार नाही. तो 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आणि भाडे कायद्याने चालतो. त्यामुळे शरियतचा दावा लढला जातो तो माणसाच्या मनात, आणि तिथे वकीलही आपला आणि न्यायाधीशही आपलाच. भाडेकरू म्हणतो, देशाचा कायदा पाळतो, मग गुन्हा कसला? मालक म्हणतो, शरियत माझ्या बाजूने आहे, खोली सोड. पण याच मालकाने किंवा त्याच्या वडिलांनी खोली देताना पागडी घेतलेली असते, तेव्हा त्याला शरियत आठवलेली नसते.

पागडी मुंबईची वाटते, पण तिची भावंडे फार जुनी आहेत. इब्न नुजैम हे सोळाव्या शतकातले कैरोचे मोठे हनफी विद्वान. सुलतान घौरीने बाजारात दुकाने बांधली, व्यापाऱ्यांकडून ठरावीक रक्कम घेऊन ती त्यांना दिली आणि तशी वक्फनाम्यात नोंद केली, असे ते लिहितात. या ताब्याच्या हक्काला अरबीत खुलू म्हणतात. 1988 साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने त्यावर ठराव केला. त्याचा मथितार्थ असा, की सुरुवातीला मालकाने घेतलेली एकरकमी रक्कम भाड्याचाच भाग मानली तर ती चालते. मुदत बाकी असताना भाडेकरूने ती सोडण्याचा मोबदला घेतला तर तोही चालतो. मुदत संपल्यावर घेतला तर चालत नाही.

आता गंमत पाहा. 1947 च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले होते आणि मुदतीनंतर बसून राहणे हक्क. फिकहने पहिल्याला वाट दिली आणि दुसऱ्याला नकार. नेमके उलटे! म्हणून या प्रकरणात सरसकट निवाडा करणारे चुकतात. ज्याने पागडी मोजली तो फुकटा नव्हे. त्याने काहीतरी विकत घेतले आहे आणि पैसे खाऊन बसलेल्या मालकाला त्याच्यापुढे शरियत नाचवण्याचा अधिकार नाही. घर राहण्याजोगे ठेवणे ही इजाऱ्यात मालकाची जबाबदारी असते. भाडेकरू कंटाळून जावा म्हणून छत गळू देणारा मालक रोजा धरून इफ्तारला बसतो, त्याचाही हिशेब व्हायला हवा. पण ज्याच्याकडे ना पागडी, ना मुदत, फक्त आजोबांची भाडेपावती आहे, आणि ज्याचा मालक म्हणजे त्या चाळीशिवाय उत्पन्न नसलेली म्हातारी विधवा आहे, त्याने देशाचा कायदा पुढे करून सुटू नये.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट मशिदींच्या गाळ्यांची. वक्फची मिळकत बाजारभावापेक्षा फार कमी भाड्याने देऊ नये, असे हनफी ग्रंथ बजावतात. 2006 साली सच्चर समितीने देशातल्या वक्फ मालमत्तांचे वार्षिक उत्पन्न सुमारे 163 कोटी रुपये नोंदवले आणि नीट वापर झाला तर ते 12,000 कोटींपर्यंत जाऊ शकेल, असे म्हटले. या तफावतीला अतिक्रमणे, सरकारी ताबा, गलथान कारभार अशी अनेक कारणे आहेत. त्यातले एक मात्र पहिल्या सफीत उभे राहून नमाज पढते, कधी कधी कमिटीवरही असते. त्या पैशातून अनाथांच्या फिया भरल्या गेल्या असत्या.

कमिटीला पावतीवर भाडे हवे तसे वाढवायला कायदा आडवा येत असेल, तर फरक मशिदीला देणगी म्हणून देता येतो. पावतीवर देणगी असेच लिहिले जाईल. देणाऱ्याने मात्र आपल्या वहीत ती रक्कम देण्याच्या बाजूलाच मांडावी आणि जकातीतून वळती करू नये.