प्रमोद महाजन फिजिक्सवाले, प्रीतम मुंडे त्वचारोगतज्ज्ञ : सेलिब्रिटींच्या पदव्यांमागे लपलेलं अंतर

दर काही दिवसांनी मोबाइलवर एक रील येतं. 'तुमच्या आवडत्या कलाकारांचं शिक्षण ऐकून धक्का बसेल!' मग यादी सुरू होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. 'सिंहासन' आणि 'सामना' देणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ. शेवटी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्या वीस पदव्या येतात. आपण 'बाप रे' म्हणतो आणि रील पुढे पाठवतो.

ही माहिती खरी आहे. पण तिच्यात एक गोष्ट सुटते. लागू, पटेल आणि आगाशे हे तिघंही पुण्याच्या एकाच कॉलेजातून, बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले. ज्या शहरात ते कॉलेज होतं, त्याच शहरात नाटकाच्या तालमीही होत होत्या. दिवसा वॉर्ड आणि संध्याकाळी तालीम, हे जमण्यासाठी दोन्ही गोष्टी सायकलच्या अंतरावर असाव्या लागतात. जिचकारांच्या नागपुरातही १९२३ पासून विद्यापीठ आहे. त्यांची हुशारी वादातीत आहे, पण परीक्षेचं केंद्र घराजवळ होतं हेही तितकंच खरं.

म्हणून प्रसिद्ध माणसाची पदवी पाहताना 'किती शिकला?' यासोबत 'कॉलेज किती लांब होतं?' हेही विचारायला हवं. हा प्रश्न बीड जिल्ह्याला लावला की चित्र बरंच बदलतं.

महाजन आणि मुंडे : अंबाजोगाईचं कॉलेज

प्रमोद महाजन म्हटलं की भाषणं, निवडणुकांची आखणी आणि मोबाइल फोन आठवतात. त्यांची पहिली पदवी मात्र भौतिकशास्त्राची होती. त्यानंतर पत्रकारिता, मग राज्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अंबाजोगाईच्या खोलेश्वर विद्यालयात शिक्षक होते. पुढे वाजपेयी सरकारमध्ये माहिती तंत्रज्ञान आणि दूरसंचार ही खाती त्यांच्याकडे आली.

त्यांचे कॉलेजमित्र आणि पुढे मेहुणे झालेले गोपीनाथ मुंडे परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे, शेतकरी घरातले. शाळा नाथ्रा आणि परळीत, तर कॉलेज अंबाजोगाईत.

दोघांचंही जन्मवर्ष १९४९. त्याच्या एकच वर्ष आधी, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं होतं. तोवर बीडच्या मुलाला विद्यापीठ गाठायचं तर हैदराबादचं उस्मानिया होतं आणि तिथली शिकवण्याची भाषा होती उर्दू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय सुरू केलं १९५० मध्ये. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं १९५८ मध्ये. म्हणजे महाजन आणि मुंडे नऊ वर्षांचे होईपर्यंत मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठच नव्हतं.

ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा अंबाजोगाईत कॉलेज उभं होतं. दहा-पंधरा वर्षं आधी जन्मली असती, तर भाषण करण्याची कला तीच असती, पण पदवीचं सांगता येत नाही.

अंबाजोगाईतच पुढे ग्रामीण भागासाठीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. मुंडे यांच्या घरात दुसऱ्या पिढीत डॉक्टर आहे. कन्या प्रीतम मुंडे एमबीबीएस आणि त्वचारोग विषयातल्या एमडी. २०१४ मध्ये वडिलांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्या ६ लाख ९६ हजार ३२१ मतांनी जिंकल्या. लोकसभेच्या इतिहासातलं तेव्हाचं ते सर्वांत मोठं मताधिक्य होतं. बातम्यांत हा आकडा गाजला. नाथ्र्याच्या शेतकरी घरापासून एमडीपर्यंतचं अंतर मात्र क्वचितच कुणी मोजलं.

एमए झालेला संन्यासी

या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून मराठवाडा त्यांना ओळखतो. फोटोत भगवी वस्त्रं दिसतात, त्यामुळे त्यांच्या नावापुढे पदवी असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण मूळचे व्यंकटेश खेडगीकर असलेले स्वामीजी एमए होते. ही पदवी त्यांनी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून घेतली. इंग्रज सरकारच्या कॉलेजांवर बहिष्कार टाकलेल्या विद्यार्थ्यांसाठी असहकार चळवळीच्या काळात उभं राहिलेलं हे विद्यापीठ.

या पदवीचं त्यांनी काय केलं? चळवळीत पूर्णवेळ उतरण्याआधी ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या भागात मराठीतून शिकणंच अवघड होतं, तिथे एका एमए झालेल्या माणसाने शाळा चालवली. पुढे या गावात जी शैक्षणिक परंपरा उभी राहिली, तिची मुळं अशा शाळांत आहेत.

पदवी नसलेला खासदार

आता उलट बाजू. १९६७ मध्ये बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं. ते मूळचे सांगली भागातले, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते. मराठी शाळेत शिकून काही काळ तलाठ्याची नोकरी केलेला हा माणूस. कॉलेज कधी पाहिलं नाही. तरी दोन वेगवेगळ्या मतदारसंघांनी, १९५७ मध्ये साताऱ्याने आणि दहा वर्षांनी बीडने, त्यांना निवडून दिलं.

आजही खासदार किंवा आमदार होण्यासाठी शिक्षणाची अट नाही. गावच्या सरपंचाला मात्र आहे. महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सरपंचपदासाठी किमान सातवी उत्तीर्ण असावं लागतं. देशाचा कायदा करणाऱ्याला अट नाही आणि गावची नळयोजना पाहणाऱ्याला आहे.

सहा किलोमीटरची शाळा

आज बीडचा जगभर पोहोचलेला चेहरा म्हणजे अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडीची सोय नाही, म्हणून तो लहानपणी चालत किंवा पळत शाळेत जायचा. बारावीनंतर तो लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीनमध्येही राहिला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांची वेळ देत रौप्यपदक जिंकलं. पहिला आलेला केनियाचा धावपटू फक्त ०.०५ सेकंद पुढे होता. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

'शाळेला पळत गेला आणि ऑलिम्पियन झाला' ही गोष्ट ऐकायला छान वाटते. पण सहा किलोमीटरवरची शाळा ही सरावाची सोय नव्हती. ती गैरसोय होती. त्या रस्त्यावर एक साबळे घडला. त्याच अंतरामुळे किती मुलांची आणि विशेषतः मुलींची शाळा सुटली, त्यांचं रील कुणी करत नाही.

मग आजचं अंतर किती?

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. पण हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववीपासून अंतराची कोणतीही हमी नाही. आणि शाळा सुटण्याचा धोका नेमका तिथेच वाढतो.

बीडमध्ये यात आणखी एक अंतर मिसळतं, उसाच्या फडाचं. राज्यात सर्वाधिक ऊसतोड कामगार पुरवणाऱ्या जिल्ह्यांत बीडचं नाव पहिलं येतं. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचं दुसरं सत्रही नेमकं याच काळात असतं. घरी आजी-आजोबा असतील तर मूल गावात राहतं, नसतील तर फडावरच्या कोपीत जातं. मोठी मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला नेलं जातं.

यावर उपाय अगदीच नाहीत असं नाही. गावातच मुलांच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, म्हणजे प्रत्येक तालुक्यात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक. एका वसतिगृहाची क्षमता साधारण शंभर. एका तालुक्यातून फडावर जाणारी कुटुंबं हजारांत मोजावी लागतात, तेव्हा शंभर जागा किती पुरतील याचा हिशोब सोपा आहे.

रील पाठवण्याआधी

पदवीचा दावा तपासायचा असेल तर राजकारण्यांच्या बाबतीत ते सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्ह्यांसोबत शिक्षणही शपथपत्रात लिहावं लागतं. ही शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलाकार आणि खेळाडूंना असं काही भरून द्यावं लागत नाही. त्यामुळे त्यांच्या पदव्यांचे दावे त्यांच्या स्वतःच्या मुलाखतीशी ताडून पाहिलेले बरे.

प्रसिद्ध माणूस शिकलेला निघाला की आपल्याला कौतुक वाटतं, त्यात चूक काही नाही. फक्त पुढचं रील पाठवताना आपल्या तालुक्यात अकरावी-बारावीची सोय गावापासून किती लांब आहे आणि तिथे शेवटची एसटी किती वाजता सुटते, हेही एकदा पाहावं. पुढचा महाजन, पुढची डॉक्टर किंवा पुढचा साबळे कदाचित त्या एसटीची वाट पाहत उभा असेल.