ऊस तोडताना अपघात झाला, तर भरपाई कोण देणार?

वडगाव निंबाळकर : गाळप हंगाम सुरू झाला की नीरा-बारामती रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची वर्दळ वाढते. सोमेश्वर, माळेगाव आणि इंदापूर तालुक्यातील छत्रपती कारखान्याच्या परिसरात बाहेरच्या जिल्ह्यांतील टोळ्यांच्या कोप्या पडतात. कोयता हातावर बसला, मोळी चढवताना फळीवरून पाय घसरला किंवा ट्रॉली उलटली, तर दवाखान्याचा खर्च मजुराच्या उचलीत धरायचा की मालकाने द्यायचा? समजून घेऊया.

कायदा काय सांगतो?

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मूळ तत्त्व तेच आहे : कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. साखर उद्योग हंगामी कारखान्यांत मोडतो आणि असे कारखाने ईएसआयच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे इथे हाच कायदा महत्त्वाचा ठरतो.

रक्कम कशी ठरते?

मजुरी, वय आणि अपंगत्वाचे प्रमाण यांवर. समजा, मजुराचे वय ४० वर्षे आणि महिन्याची मजुरी १५,००० रुपये आहे. अंगठा पूर्ण तुटला, तर कायद्याच्या तक्त्यानुसार कमावण्याची क्षमता ३० टक्के कमी झाली असे धरतात. मजुरीच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, गुणिले या वयाचा गुणक १८४.१७, आणि त्याचे ३० टक्के. भरपाई होते ४ लाख ९७ हजार २५९ रुपये.

अडते कुठे?

'मालक कोण' या प्रश्नावर. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. ठेकेदारामार्फत काम करून घेतले तरी मूळ मालकावर जबाबदारी येते आणि तो पैसे नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो, असे कायदा म्हणतो. पण अपघात मूळ मालकाच्या ताब्यातील जागेत किंवा तिच्या आसपास झालेला असावा, अशी अटही आहे. म्हणजे कारखान्याच्या काट्यावर किंवा वाहनतळावर अपघात झाला, तर दावा भक्कम. फड मात्र शेतकऱ्याच्या मालकीचा. तिथे वादाला जागा राहते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

२२ एप्रिल २००३ रोजी मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे ३ च्या पाळीसाठी दुचाकीवरून निघाला आणि वाटेत अपघातात दगावला. उस्मानाबादला आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये मंजूर केले. अपघात कारखान्याबाहेर झाला, म्हणून २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघात वेळ, जागा आणि परिस्थितीने कामाशी जोडलेला असेल, तर तो कामावरचाच मानला जाईल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे.

अपघातानंतर काय करावे?

• पोलीस ठाण्यात नोंद आणि पंचनामा करून घ्या. दवाखान्याच्या कागदावर 'घरी पडला' नव्हे, तर 'ऊस तोडताना इजा' असेच लिहून घ्या.

• मुकादम आणि कारखाना, दोघांनाही लेखी कळवा, पोहोच घ्या. टोळीचा करार, उचलीच्या नोंदी आणि उसाच्या वजनाच्या पावत्या जपून ठेवा.

• दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा. तो पुण्यातच करावा लागतो असे नाही. बीडचा मजूर बीडमध्येही दावा करू शकतो.

• 'यापुढे तक्रार नाही' असे स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, तरी कायद्याने दिलेला हक्क त्यामुळे संपत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम परस्पर हातात देता येत नाही; ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते.

• भरपाई महिनाभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

पहारेकऱ्याच्या कुटुंबाला अंतिम निकालासाठी २२ वर्षे थांबावे लागले, आणि तो तर थेट कारखान्याच्या नोकरीत होता. टोळीतल्या मजुराला आधी आपला मालक कोण, हेच सिद्ध करावे लागते. म्हणूनच अपघाताच्या दिवशी तयार झालेला कागद त्याच्यासाठी सर्वांत मोलाचा.