मर्यादवेल उपटली, आता भिंत हवी!

आमच्या देवळांत गाभाऱ्यापुढील दगडी कासवाला वंदन करूनच भाविक पुढे सरतो. बुडणारा मंदार पर्वत ज्याने पाठीवर तोलला, त्या कूर्मावताराचे ते स्मरण. पण तेच कासव हिवाळ्याच्या रात्री मोरजी, मांद्रे, आगोंद वा गालजीबाग येथील वाळूवर चढून आले, की आम्हांस ते अडचण वाटू लागते! ‘समुद्र दारात आला, माणसे वाचवायची की कासवे?’ असा सवाल टाकला जातो. हा सवालच मुळात खोटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किनारा खचतो आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याच्या माडांची मुळे उघडी पडली, त्याचे दुःख आम्ही जाणतो. परंतु वाळूचा किनारा म्हणजे देवघेव आहे. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात. शांत ऋतूत तीच परत येते. या व्यवहारातील राखीव ठेव म्हणजे किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या. त्यांना धरून ठेवणाऱ्या वेलीला पूर्वजांनी ‘मर्यादवेल’ हे किती अन्वर्थक नाव दिले! आम्ही ती वेल उपटली, टेकड्या सपाट करून त्यांवर बांधकामे केली, नद्यांची वाळू उपसली. आणि ठेव मोडून खाल्ल्यावर आता सरकारच्या दारी दगडी भिंत मागत उभे आहोत.

भिंत मागची जमीन राखील. पुढचा किनारा राखणार नाही. तिच्यावर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू खणून नेते आणि भिंत जेथे संपते तेथून शेजाऱ्याची जमीन खचू लागते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी भरतीरेषेवरील कोरड्या वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. ती उबण्यास 45 ते 60 दिवस लागतात. भिंत आडवी आली, की ती अंडी न घालताच परतते, किंवा पायथ्याच्या ओल्या वाळूत घालते आणि मोठी भरती ती बुडविते. जेथे कासवाला जागा उरत नाही, तेथे रापण ओढायला आणि होडी चढवायला तरी जागा कोठून उरणार?

‘अंडी उचलून कुंपणात ठेवावीत, म्हणजे झाले’ असे कोणी म्हणतील. हा आपद्धर्म आहे, नित्यधर्म नव्हे. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरते. जागा बदलली की तोही तोल ढळू शकतो. शिवाय अंडी हलविल्याने गेलेला किनारा परत येत नाही.

कायद्याची उणीव नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. 2011 च्या किनारी अधिसूचनेने वरील चारही किनारे कासवांची वीणस्थाने म्हणून नोंदविले व गोव्यातील वाळूच्या टेकड्यांवर हात घालण्यास मनाई केली. उणीव आहे ती आचरणाची. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासने 2002 पासून कासवांची घरटी राखून दाखविली. ते गाव काही आमच्याहून निराळ्या मातीचे नाही.

जेथे देऊळ वा वस्ती अगदी काठावर आहे आणि माघार अशक्य आहे, तेथे भिंत बांधावी, पण तेवढ्यापुरतीच. इतरत्र टेकड्या पुन्हा उभाराव्यात, मर्यादवेल लावावी, नवी बांधकामे मागे न्यावीत. आणि देवस्थान समित्यांनी विणीच्या दिवसांत समुद्राकडील झगमगाट मालवावा. कारण नुकते जन्मलेले पिल्लू उजेडालाच समुद्र समजून उलट वाटेने जाते व मरते. यासाठी सरकारचा हुकूम कशाला हवा?

दगडी कासवाला फुले आणि जिवंत कासवापुढे दगड, हा आमचा धर्म नव्हे. समुद्राने मर्यादा सोडली म्हणून ओरडणाऱ्यांनी आपली मर्यादा आधी कोणी सोडली, हे एकदा स्वतःला विचारावे.