धातूची साक्ष

शब्दाचा खरा अर्थ त्याच्या धातूंत असतो, आणि धातूपासून दूर गेलेला अर्थ तो सारा भ्रष्ट, असें निक्षून सांगणारे व्युत्पत्तीचे कैवारी आपल्याकडे थोडे नाहींत. या पंडितांच्या न्यायासनापुढें आम्ही एक परदेशी क्रियापद उभें करतों.

लॅटिनमध्यें ‘प्लिकारे’ म्हणजे दुमडणें, घडी घालणें. इटालियन ‘पिएगारे’ व फ्रेंच ‘प्लिये’ यांनीं हा अर्थ जपला. परंतु स्पॅनिश ‘येगार’ व पोर्तुगीज ‘शेगार’ यांचा अर्थ पोहोंचणें, आणि रुमानियन ‘प्लेका’ याचा अर्थ निघून जाणें! कुळाविषयीं शंका नको. लॅटिन ‘प्लोरारे’पासून रडणें या अर्थाचीं ‘योरार’ व ‘शोरार’ हीं क्रियापदें याच रीतीनें निघालीं आहेत.

याची एक गोड उपपत्ति सांगतात. पश्चिमेकडील खलाशी बंदरास लागतांना शिडें गुंडाळीत, म्हणून दुमडणें म्हणजे पोहोंचणें. पूर्वेकडील शिपाई तळ हलवितांना तंबू गुंडाळीत, म्हणून दुमडणें म्हणजे निघणें. कथा सुंदर खरी, पण इतकी सरळ नाहीं. नौका किनाऱ्यास लावणें या अर्थीं ‘आप्लिकारे’ हें उपसर्गयुक्त क्रियापद अभिजात लॅटिनमध्यें रूढ होतेंच. शिवाय चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नांवाची यात्रेकरू स्त्री आपल्या प्रवासाच्या हकीकतींत, खुष्कीच्या वाटेनें एखाद्या स्थळाजवळ आल्याचें सांगतांनाही ‘प्लिकारे’च वापरते. तेथें ना शीड, ना गलबत!

आतां यांतील खरा अर्थ कोणता? धातुवाद्यांच्या मतें माद्रिदचा माणूस चुकला आणि बुखारेस्टचाही चुकला. तथापि पहिल्याची आगगाडी ‘येगार’नें ठाण्यांत येते, दुसऱ्याची ‘प्लेका’नें ठाण्यांतून सुटते, आणि धात्वर्थापायीं कोणाचीही गाडी चुकत नाहीं.

आपल्याकडे तरी दुसरें काय आहे? संस्कृत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणें व शिकविणें. हिंदींत तोच अर्थ टिकला, मराठींत ती दंड झाली. संस्कृत ‘राग’ प्रीतिवाचकही आहे. मराठी माणूस रागावतो तो क्रोधानेंच. असें असतां संस्कृत कोश उघडून मराठी लेखकास अशुद्ध ठरविणें, किंवा घरीं नीट मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेंत आपल्याच भाषेची लाज वाटावयास लावणें, ही विद्वत्ता कसली? अशानें मुलें लिहावयास भितात, आणि भ्यालेल्या हातून चांगलें गद्य उतरत नाहीं.

योगापेक्षां रूढि बलवत्तर, हा सिद्धांत आमच्या जुन्या शास्त्रकारांचाच आहे. धातूची साक्ष अवश्य घ्यावी. निकाल मात्र ती भाषा बोलणाऱ्यांनीं द्यावा.